विदूषकाची नाईट

दरवर्षी १६ डिसेंबरला सकाळी फोन हातात घ्यावा, तर लक्ष्या आलेला असतो. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली या तारखेला गेला. पन्नाशी पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी गटागटांतून त्याचे तुकडे फिरतात. 'अशी ही बनवाबनवी'तली साडी नेसलेली पार्वती फिरते, बाहुल्याला बघून बोबडी वळलेला लक्ष्या फिरतो, अशोक सराफ आणि तो एकमेकांवर ओरडताना दिसतात. आणि खाली हमखास एक वाक्य असतं की सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी मात्र कुणाला दिसलं नाही. कुणी जास्तच हळवं असेल तर सोबत चेहऱ्याला पांढरा रंग फासलेल्या जोकरचं चित्र. गालावर एक थेंब.

मला त्या थेंबाचा राग येतो.

तो खोटा आहे असं म्हणायचं नाही. लक्ष्याच्या आयुष्यात दुःख नव्हतं, असं कोण म्हणेल? पत्नी रुही बेर्डे १९९८ मध्ये गेल्या, त्याचं स्वतःचं आजारपण आलं, हे सगळ्यांना माहीत आहे. राग येतो तो त्या थेंबाच्या सोयीचा. विनोदी नटाचं दुःख असं गूढ, आतलं, नशिबात लिहिलेलं ठरवून टाकलं की बाकी काही बघावं लागत नाही. त्याचा दिवस कसा जायचा, पैसे कसे मिळायचे, झोप किती व्हायची, त्याला काय करायचं होतं आणि आपण त्याला काय करू दिलं, हे सगळं त्या एका थेंबात विरघळून जातं. आणि हे काही लपलेलं नव्हतं. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत रोज छापून येत होतं.

एकेरी लिहितोय, ते समजून घ्याल. अशोक सराफ 'मामा' झाले, तरी त्यांच्याबद्दल बोलताना क्रियापद आपोआप आदराचं होतं. लक्ष्याच्या बाबतीत रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणालाच ते जमलं नाही.

आमच्याकडे, सांगलीच्या बाजूला, लक्ष्या पहिल्यांदा आला तो जत्रेतल्या तंबूत. मैदानाच्या एका टोकाला तमाशाचा फड आणि दुसऱ्या टोकाला सिनेमा. दिवसभर जीपवरचा कर्णा दोन्हींची जाहिरात एकाच आवाजात करत फिरायचा. तमाशाच्या बाजूला थोरली माणसं. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, आणि 'जहरी प्याला' या वगातले त्यांचे हवालदार हा त्या पिढीचा जीव की प्राण. आम्ही पोरं तंबूत. तिथे पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. मागच्या बाजूला बसलं की नावं उलटी दिसायची आणि सगळे डावखुरे व्हायचे. लक्ष्याला त्याने काही फरक पडत नसे. तो कुठूनही सारखाच घाबरलेला दिसायचा.

त्याच्या विनोदाचं मूळ मला या घाबरण्यात दिसतं. दादा कोंडके पडद्यावर कुणाला घाबरत नसत. त्यांच्या भोळेपणाच्या आत एक बेरकी माणूस बसलेला असायचा आणि समोरच्याची फजिती होणार हे आपल्याला आधीच कळलेलं असायचं. अशोक सराफांचा माणूस अडचणीत आला की थाप मारतो, वाट काढतो. लक्ष्या आधी घाबरतो. डोळे मोठे होतात, मान खांद्यांत जाते, आवाज एक पट्टी वर चढतो, वाक्य अर्ध्यात तुटतं आणि दुसरंच सुरू होतं. मग जीव वाचवायला तो जे काही करतो, त्याला आपण हसतो. घरमालक, पोलीस, सासरा, भूत, बाहुला. घाबरायला त्याला काहीही पुरायचं.

आणि ही भीती हवेतून आलेली नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यातले बहुतेक पुन्हा त्या दारातून आत गेले नाहीत. १९८३च्या सुमारास 'टुरटुर' हे नाटक आलं, पाठोपाठ 'लेक चालली सासरला' हा सिनेमा, १९८५ मध्ये 'धूमधडाका'. म्हणजे मराठी तरुणाला नोकरी आणि खोली हे दोन शब्द ऐकूनच घाम फुटत होता, नेमक्या त्या वर्षांत हा घामाघूम नट वर आला. १९८८ची 'अशी ही बनवाबनवी' आज आपल्याला संवादांसाठी आठवते. पण तिची गोष्ट काय आहे? चौघांना पुण्यात खोली मिळत नाही. मालकीणबाई फक्त लग्न झालेल्यांना ठेवणार, म्हणून दोघे साडी नेसतात. छप्पर नसल्याची गोष्ट आहे ती. 'हमाल दे धमाल'मध्ये तर तो चक्क हमालच आहे. पोटापाण्याची धास्ती त्याने इतकी मजेशीर केली की ती आपलीच आहे हे विसरून आपण तिला टाळ्या दिल्या.

त्या पार्वतीकडे एकदा नीट बघा, विशेषतः डोहाळजेवणाच्या गाण्यात. पदर सांभाळायचा, पोट सांभाळायचं, भोवती बायकांचा गराडा. साडी नेसलेला पुरुष दाखवून हशा काढणं हे मराठी रंगभूमीवर जुनंच आहे. बहुतेक जण बाईची नक्कल करतात, लाडिक बोलतात, कंबर हलवतात. लक्ष्या त्या फंदात फार पडत नाही. त्याचं सगळं लक्ष आपण आता सापडणार, याकडे असतं. नजर सतत दाराकडे. हसताना तोंड हसतं आणि डोळे पळायची वाट शोधतात. एवढा वेळ शरीराचे दोन भाग दोन वेगळ्या कामांना लावून ठेवायचे हे काय दर्जाचं काम आहे, ते कधीही गॅदरिंगमध्ये उभं राहून बघितलेल्या माणसाला कळेल.

तो गिरगावात वाढला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी लॉटरीची तिकिटं विकल्याचं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं केली, शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवली आणि पुढे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला लागला. केळेवाडीतल्या त्या नाट्यगृहात नोकरी करत बारीकसारीक भूमिका करायच्या, असा काही वर्षांचा काळ आहे. यशस्वी माणसाच्या चरित्रात हा काळ 'संघर्ष' या एका शब्दात उरकतात. मला त्यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नाट्यगृहात काम करणाऱ्याला नाटक मागच्या बाजूने दिसतं. कोणता नट कुठे श्वास घेतो, हशा कधी ओसरायला लागतो, पुढचं वाक्य त्या ओसरत्या हशावर कसं टाकायचं, हे विंगेतून शिकता येतं, आणि तेही फुकट.

आता 'नाईट'बद्दल सांगतो. नाटकवाल्यांच्या भाषेत नाईट म्हणजे एका प्रयोगाचे नटाला मिळणारे पैसे. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर नाही. घसा बसला, ताप आला, घरात कुणी गेलं, पाऊस पडून रस्ता वाहून गेला, कशालाही नाईट नाही. शनिवार-रविवार तर सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणजे बाकीचे लोक घरी असतात तेव्हा यांचं काम. जोरात चालणाऱ्या नटाचे रविवारी तीन तीन प्रयोग लागतात. सकाळचा एका नाट्यगृहात, दुपारचा दुसऱ्या आणि रात्रीचा तिसऱ्याच गावात. त्यातही ज्याच्या नावावर बुकिंगची खिडकी उघडते, त्याला बदली नसते. नाटकातला नायक बदलला तर लोक कुरकुरतात आणि बसतात. विनोदी नट बदलला तर पैसे परत मागतात.

माझे एक मामा तालुक्याच्या गावी नाटकांचे प्रयोग घ्यायचे. कॉन्ट्रॅक्टर म्हणत त्यांना. त्यांच्यामुळे मला लहानपणी रंगपटात घुसता यायचं. एकदा एक विनोदी नट आले होते. लक्ष्या नव्हे; हे नाटकातच जास्त रमलेले, आणि त्यांचं नाव घ्यायची गरज नाही. रात्रभर बसने आले होते, पाय सुजले होते. दुसरा अंक संपला आणि बाहेर लोक अजून हसत होते. मी आत गेलो तर ते गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेले. जोकरचे अश्रू शोधायला ती जागा अगदी झकास होती. त्यांनी मामांना हाक मारली.

"भाऊ, आज दुसऱ्या अंकात दोन लाफ्टर गेले हो. फोनवरचा आणि सासऱ्याचा."

मामा म्हणाले, "एवढे हसतायत की साहेब. बाहेर जाऊन बघा."

"हसतायत, पण हे दोन गेले. तो डावीकडचा पंखा खडखडतोय तुमचा. वाक्याचं शेपूट खातो. तिसऱ्या अंकात बंद करा."

"लोक उकाड्याने मरतील की."

"मरू द्या. हसत मरतील. आणि पाकीट आत्ताच देऊन ठेवा, मागून बसवाला घाई करतो."

एवढंच. त्या चेहऱ्यावर मला दुःख दिसलं नाही, हिशेब दिसला. सासऱ्याचा लाफ्टर का गेला, याचा तो विचार करत होता आणि पाय दुखत होते. तिसऱ्या अंकात मामांनी खरंच पंखा बंद केला. माणसं घामाने निथळली आणि हसली. पडदा पडल्यावर ते गृहस्थ मेकअप न पुसता बसमध्ये चढले.

गंभीर नाटकात एक सोय असते. प्रेक्षक गप्प बसले की ते भारावले, असं म्हणता येतं. फार्सात तसं म्हणायची सोय नाही. तिथे गप्प म्हणजे गप्प. विनोदी नटाची परीक्षा दर अर्ध्या मिनिटाला होते आणि निकाल लगेच तोंडावर फेकला जातो. काल आलेला हशा आज येईलच याची खात्री नसते. म्हणून मग ॲडिशन घ्यायच्या, म्हणजे संहितेत नसलेलं पदरचं काही घालायचं, एखादी जागा वाढवायची, पडायचं असेल तर जरा जोरात पडायचं. हा ताण अश्रूंपेक्षा कितीतरी रुक्ष आहे. त्याच्यावर कविता होत नाहीत.

२०२०च्या मार्चमध्ये नाट्यगृहांना कुलपं लागली, तेव्हा या हिशेबाचं उघडं रूप दिसलं. पडदा ओढणारे, नेपथ्य लावणारे, कपडेपट सांभाळणारे, यांच्या घरी धान्य पोहोचवायची वेळ आली. नाईटवर उभ्या असलेल्या जगात रात्रच बंद झाली होती.

याआधीच्या पिढ्यांची कथाही फार निराळी नाही. राजा गोसावींचा किस्सा मराठी सिनेमावाले वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. १९५२ साली 'लाखाची गोष्ट' पुण्याच्या भानुविलासमध्ये लागला. बाहेर पोस्टरवर नायक म्हणून राजा गोसावी, आणि आत बुकिंगच्या खिडकीत तिकिटं फाडून देणारा कारकूनही राजा गोसावीच. लोक हा किस्सा हसत सांगतात. मला त्यात मासिक पगार दिसतो. नायक झाल्यावरही ती नोकरी सोडावीशी वाटली नाही, याचा अर्थ सिनेमा काय देत होता ते कळतं. दामूअण्णा मालवणकरांचा तिरळा डोळा हे त्यांचं भांडवल होतं. ज्या व्यंगावरून एखाद्याला आयुष्यभर चिडवलं गेलं असतं, त्याच्यावर त्यांनी घर चालवलं. दादा कोंडके नायगावच्या चाळीतले, अपना बाजारात नोकरी केलेले. घरातली जवळची माणसं थोड्या काळात एकामागून एक गेली, त्यानंतर लोकांना हसवायचं ठरवलं, असं ते स्वतः सांगत. पुढे ओळीने नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव आणि गिनेस बुकात नाव. आत्मकथनाचं नाव मात्र 'एकटा जीव'. २८ फेब्रुवारी १९९८ला राजा गोसावी गेले आणि १४ मार्चला दादा. दोन आठवड्यांत दोघे.

आता 'एक होता विदूषक'. लक्ष्याबद्दल बोलायचं आणि या सिनेमाशी थांबायचं नाही, हे मला पटत नाही. स्मृतिदिनाच्या गर्दीत याचा तुकडा क्वचितच फिरतो.

१९९२चा सिनेमा. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. पुलंनी 'गुळाचा गणपती'नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी सिनेमासाठी लेखणी उचलली होती. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं, आणि पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. एवढी सगळी माणसं जमली आणि मध्यभागी कोण, तर 'धूमधडाका'वाला लक्ष्या. आज हे ऐकताना विशेष वाटत नाही. तेव्हा भुवया उंचावल्या असणार. आबूराव नावाचा तमाशातला सोंगाड्या. आई तमाशातली नाचणारी. हा फडातून सिनेमात जातो, स्टार होतो, राजकारणी त्याला हाताशी धरतात. टाळ्या वाढत जातात आणि तो स्वतःपासून लांब लांब जातो. त्याला एक मुलगी आहे. ती हसत नाही. आख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसापुढे ही एवढीशी पोर तोंड मिटून बसते.

असा प्रसंग कुणाही लेखकाच्या हातून रडका झाला असता. पुलं असल्याने झाला नाही, आणि लक्ष्या असल्यानेही झाला नाही. गंभीर भूमिका मिळालेले विनोदी नट बहुतेकदा हसवणं बंद करतात, आवाज खाली आणतात, दाढी वाढवतात. बघा, मी किती गंभीर आहे! लक्ष्या तसं करत नाही. तो तेच डोळे, तीच मान, तोच अडखळणारा आवाज वापरतो, फक्त समोरून हशा येत नाही. नेहमीची युक्ती करून झाली, हशा आला नाही, आता काय? पंखा खडखडत असलेल्या त्या रात्रीचा प्रश्नच तो, पण इथे समोर पोटची पोर आहे. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. त्या चेहऱ्यावर दुःखाआधी गोंधळ येतो, धंद्यातल्या माणसाचा गोंधळ. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे सर्वोत्तम काम आहे, आणि अर्ध्या मराठी घरांनी ते पाहिलेलंही नसेल.

त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला मिळाला. नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि तो चालला नाही. तंबूत 'लक्ष्याचा पिक्चर' म्हणून आलेल्या माणसाला तो लक्ष्या सापडला नाही, आणि चांगले सिनेमे शोधत फिरणाऱ्या मंडळींना लक्ष्याचं नाव बघून शंका आली असेल. हे अपयश त्याच्या जिव्हारी लागलं, असं त्याच्याबद्दल वाचायला मिळतं. तो पुन्हा विनोदी सिनेमांकडे वळला.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'झपाटलेला' आला आणि तुफान चालला. गंमत बघा, दोन्ही सिनेमांत त्याच्या आईचं काम मधू कांबीकरांनी केलंय. एकीकडे पुलंचा आबूराव, एकीकडे महेश कोठारेंचा लक्ष्या, आई तीच. मी 'झपाटलेला'ला नाक मुरडत नाही. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि समोर लक्ष्याचं घाबरणं हे जमून आलेलं काम आहे. लाकडाच्या ठोकळ्यासमोर उभं राहून एवढी खरी भीती दाखवणं सोपं नाही. बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू जिवंत वाटतो, त्याचं निम्मं श्रेय त्याला घाबरणाऱ्याचं. पण 'विदूषक'नंतर लगेच तो सिनेमा बघितला की गोष्ट जरा टोचते. तात्या विंचूला काय हवं असतं? लक्ष्याचं शरीर. गोष्टीतल्या लक्ष्याने ते त्याला मिळू दिलं नाही. बाहेरच्या लक्ष्मीकांतला मात्र त्याच्या त्या नावाने केव्हाच झपाटलं होतं. सिनेमामागून सिनेमात पात्राचं नावच लक्ष्या. १९८९ या एका वर्षाची यादी बघा: 'थरथराट', 'भुताचा भाऊ', 'हमाल दे धमाल', आणि वर्ष संपता संपता हिंदीत 'मैंने प्यार किया'. हे सगळे करताना झोपायचा कधी, हा प्रश्न डोळ्यांतल्या पाण्याइतका कुणाला हृद्य वाटला नाही.

हिंदीत त्याला आपण अभिमानाने बघितलं. 'आपला लक्ष्या' सलमान खानच्या शेजारी! १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये तो घरचा नोकर लल्लू आहे. मराठीत पोस्टरभर असलेला माणूस हिंदीत ट्रे घेऊन उभा. त्यातही त्याने रंग भरले, तो भाग वेगळा. पण मराठी नट म्हटला की नोकर, हवालदार नाही तर घरगडी हा हिंदीवाल्यांचा जुना हिशेब त्यानेही चुकवला नाही. पैसे बरे मिळत असणार, आणि ज्याने लॉटरीची तिकिटं विकलीत त्याला बऱ्या पैशांचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

मग आजारपण. मूत्रपिंडाचा विकार. शेवटच्या काही वर्षांतल्या कामांत चेहरा उतरलेला दिसतो, आवाजाची ती वर चढणारी पट्टी थकलेली वाटते. तेव्हाही तो नवे प्रकल्प करत होताच; निर्मितीत उतरला, संस्थेला मुलाचं नाव दिलं, 'अभिनय आर्ट्स'. नाईटच्या हिशेबात आजारपण बसत नाही, हे वर म्हटलंच आहे. आजारी विनोदी नटाची आणखी एक पंचाईत असते. तो दमलेला दिसला तरी लोक आता हा काहीतरी करणार म्हणून आधीच हसायला लागतात. खुर्चीचा आधार घेऊन तो खरंच बसला, तरी ते 'बिझनेस', म्हणजे हशासाठी केलेली हालचाल वाटतं.

तो गेला, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. सत्तरी ओलांडलेला लक्ष्या कसा दिसला असता, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. अशोक सराफांकडे बघून तो विचार येतोच. बँकेतली नोकरी सांभाळत नाटकं करणाऱ्या त्या माणसाला महाराष्ट्रभूषण मिळालं, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि या वयातही ते कामं करतायत. म्हाताऱ्या विनोदी नटाला एक मोकळीक मिळते, जी तरुणपणी कुणी देत नाही. तो थांबला तरी चालतं. त्याच्या गप्प बसण्यालाही तिकीट लागतं. लक्ष्या ती मोकळीक मिळायच्या आधीच गेला. साठी-सत्तरीतल्या आबूरावाला तंबूतले लोकही बघायला आले असते, कारण मधल्या काळात ते लोकही म्हातारे झाले आहेत.

मी त्याच्यासाठी मनातल्या मनात भूमिका लिहून ठेवल्या आहेत. पुनर्विकासात गेलेल्या गिरगावच्या चाळीतला शेवटचा भाडेकरू, बिल्डरला घाबरणारा आणि तरीही सही न करणारा. मुलाच्या घरी बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलेला, लिफ्टमध्ये एकट्याने चढायची धास्ती घेतलेला आजोबा. एखाद्या नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीत आयुष्य काढलेला कारकून, ज्याला सगळ्या नाटकांतले सगळे संवाद पाठ आहेत आणि ज्याने एकही नाटक पुढून पाहिलेलं नाही. ही शेवटची मला सगळ्यांत आवडते. हिच्यात विनोदी प्रसंग भरपूर आहेत, संहितेत एकही पडणं-झडणं ठेवलेलं नाही, आणि तालमीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने खिडकीच्या चौकटीत डोकं अडकवून घेतलं असतं. दिग्दर्शक ओरडला असता, "लक्ष्या, हे संहितेत नाहीये." यावर त्याने डोकं तसंच ठेवून विचारलं असतं, "मग सोडवायचं कसं, ते तरी लिहिलंय का?"